कोऱ्याबरोबर सतार वाजवायची आहे? आधी तुमानी जाबाते यांची साथ ऐका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही आठ वर्षं सतार शिकताय. सेनेगलहून आलेला तुमचा एक मित्र कोरा हे पश्चिम आफ्रिकेतलं तारांचं वाद्य वाजवतो आणि दोघांना मिळून तासाभराचा कार्यक्रम करायचा आहे. मालीचे कोरावादक तुमानी जाबाते यांनी फ्लॅमेंकोपासून ब्लूजपर्यंत सगळ्यांबरोबर वाजवलं, तरी ते परंपरेचेच कसे राहिले आणि त्यातून तुम्ही काय घ्यावं, हे तुम्हाला हवंय.

मी मिरजेचा. सतार तिथेच शिकलो आणि गेली बावीस वर्षं इंग्लंडात वाजवतो, शिकवतो. कोरावादकांबरोबर बरेच कार्यक्रम केले. त्यातले पहिले दोन साफ पडले. त्यामुळे जे सांगतोय त्यातलं निम्मं तुमानींचं ऐकून कळलेलं आहे, निम्मं आपटून.

तुमानींबद्दल लिहिणारे बहुतेकजण ‘फ्यूजन’पासून सुरुवात करतात. मला ती सुरुवातच चुकीची वाटते. तुमानी आधी साथीदार होते आणि शेवटपर्यंत साथीदाराच्या कानानेच वाजवत राहिले. बाकी सगळं त्यातून आलं.

आधी वाद्य. (कोऱ्या कागदातला कोरा नव्हे, पण आमच्या घरी हा विनोद अजून चालतो.) मोठा भोपळा मधोमध कापायचा, अर्ध्या भागावर गाईचं कातडं ताणून बसवायचं आणि त्यातून लाकडाचा लांब दांडा आरपार घालायचा. कातड्यावर खाचा असलेली उंच घोडी उभी असते आणि तिच्या दोन अंगांना मिळून एकवीस तारा जातात: डाव्या हाताला अकरा, उजव्या हाताला दहा. तारा पूर्वी हरणाच्या कातड्याच्या असत, आता मासे पकडायच्या नायलॉनच्या दोरीच्या. वाजवतात फक्त दोन अंगठे आणि दोन तर्जन्या. उरलेली सहा बोटं दोन बाजूंच्या दांड्या घट्ट धरून असतात. सरगम म्हणायची तर बहुतेक एक स्वर एका हाताला आणि पुढचा दुसऱ्या हाताला, म्हणजे साधा आरोह घ्यायलाही दोन्ही हात आलटून पालटून चालवावे लागतात. मुंगो पार्क या स्कॉटिश प्रवाशाने १७९९ सालच्या पुस्तकात अठरा तारांच्या ‘कोरो’ची नोंद केली आहे. ती याच वाद्याच्या कुळातली.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत लहानपण गेलं असेल तर कोरा बघून परकं काही वाटत नाही. भोपळा तोच, मंगळवेढ्याकडून आपल्याकडे येतो त्याच जातीतला. आणखी एक ओळखीची गोष्ट आहे. जुन्या पद्धतीच्या कोऱ्याच्या घोडीवर पत्र्याचं एक पान लावतात, त्याच्या कडेला तारेच्या बारीक कड्या असतात. तार छेडली की त्या झणझणतात. आपण घोडी घासून जवारी, म्हणजे तारेची झणझण, काढून घेतो, तसं ते बाहेरून लावून घेतात. माझ्या एका कार्यक्रमात ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्याने ही झणझण म्हणजे मायक्रोफोनचा दोष समजून पानावर चिकटपट्टी लावली होती. कोरावादक काही बोलला नाही. पट्टी काढली, घडी करून खिशात ठेवली आणि पुन्हा वाजवायला लागला.

आता साथीचं. माली, गिनी, गॅम्बिया, सेनेगल या पट्ट्यातल्या मांदे समाजात संगीत हा ‘जेली’ घराण्यांचा जन्मसिद्ध व्यवसाय आहे. जाबाते, कुयाते, सिसोको ही त्यांची आडनावं. राजांची आणि घराण्यांची वंशावळ तोंडपाठ ठेवायची, लग्नात, बारशात ती गायची, भांडण झालं तर मध्यस्थी करायची. आपल्याकडे हेळवी बैलावर बसून यायचा आणि तुमच्या खापरपणजोबांपासून नावं म्हणून दाखवायचा, त्याला गवयाची जोड दिली तर थोडीफार कल्पना येईल. तेराव्या शतकातल्या माली साम्राज्याचा संस्थापक सुंजाता केइता याच्या पदरीही जेली होता. या मैफलीत मुख्य मान गाणाऱ्यांचा असतो, आणि त्यात बऱ्याचदा बायका पुढे असतात. कोरा त्यांच्या मागे. म्हणजे कोरावादकाची पहिली नोकरी कायम साथीची.

तुमानींचा जन्म १० ऑगस्ट १९६५ चा, बमाकोतला. वडील सिदिकी जाबाते कोऱ्याचे राजे म्हणून ओळखले जात, आई नेने कोइता गायिका. लहानपणी पोलिओ झाला आणि एक पाय कायमचा अधू राहिला. वडिलांनी समोर बसवून शिकवलं नाही, ऐकून ऐकून शिकलो, असं ते सांगत. १९७० मध्ये सिदिकी आणि इतर काही वादकांनी केवळ कोऱ्याची, गाण्याशिवायची ध्वनिमुद्रिका काढली. त्या काळी ही मोठी गोष्ट होती. सोलापूरच्या लग्नातल्या सनईवाल्यांनी मुलगा-मुलगी बाजूला ठेवून सनईचीच मैफल लावावी, तसं काहीसं.

मुलगा मात्र साथीतूनच वर आला. एकोणिसाव्या वर्षी, १९८४ मध्ये, तुमानी कांजा कुयाते या थोर गायिकेच्या ताफ्यात आले. लोक तिथे गायिकेसाठी जमत, पैसे तिच्यावर उधळत. साथीदाराने तिची पुढची ओळ ओळखायची, ती श्वास घेईल तिथे भर घालायची आणि ती परत उभी राहिली की बाजूला व्हायचं. आपल्याकडे पेटीवाल्याला जे कळावं लागतं तेच.

कोऱ्याच्या भाषेत याला दोन शब्द आहेत, ते पाठ करून ठेवा. ‘कुंबेंगो’ म्हणजे गाण्याचा पाया, अंगठ्यांनी फिरत राहणारा ठेका-चालीचा तुकडा. आपल्या नगम्यासारखा (तबल्यासाठी पेटीवर फिरवत ठेवतात तो सुरांचा तुकडा), पण त्याहून अंगभर. ‘बिरिमिंतिंगो’ म्हणजे त्यातून मधेच सुटणारी तान, वरून खाली धबधब्यासारखी येणारी. कुंबेंगो सोडून तान घ्यायची आणि परत कुंबेंगोच्या मांडीवर येऊन बसायचं, अशी ही ये-जा. तुमानींनी केलं ते असं की खर्जाचा पाया, मधली चाल आणि वरची तान हे तिन्ही थर एकाच वेळी, एकटे बसून वाजवायला सुरुवात केली. तिघांचं काम चार बोटांवर.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात एका गायकाची साथ करायला ते लंडनला आले आणि काही महिने तिथेच राहिले. ल्यूसी दुरान या संगीत-संशोधिकेच्या पुढाकाराने त्यांची एकट्या कोऱ्याची पहिली ध्वनिमुद्रिका झाली, एका दुपारच्या बैठकीत. १९८८ मध्ये ती ‘कायरा’ नावाने निघाली. कायरा म्हणजे शांती. हे गाणं १९४० च्या दशकात फ्रेंच राजवटीविरुद्ध उठलेल्या तरुणांच्या चळवळीशी जोडलेलं आहे, आणि सिदिकी स्वतः त्या चळवळीतले. मुलाने जगासमोर पहिलं पाऊल टाकलं ते वडिलांच्या गाण्यावर.

१९८८ मध्येच ‘सोंघाई’ ही मुद्रिका आली: स्पेनचा केतामा हा फ्लॅमेंको गट, इंग्लंडचे डॅनी थॉम्प्सन यांचा डबल बास आणि तुमानींचा कोरा. इथे थांबून जरा तपशिलात सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं मर्म इथे आहे. ‘जाराबी’ नावाचं प्रेमगीत ‘कायरा’वर आहे आणि ‘सोंघाई’वरही आहे. दोन्ही पाठोपाठ ऐका. पहिल्यात कोरा एकटा आहे, त्यामुळे पाया भरगच्च. दुसऱ्यात गिटारी आल्या, बास आला, आणि तुमानींनी खालचा थर जवळजवळ उघडा करून ठेवला. जो भाग दुसरा कुणी वाजवतोय तो आपण वाजवायचा नाही. चाल तीच, घराणं तेच, फक्त बसायला जागा करून दिली. साथीत वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. आपण सतारवाले मात्र ‘तुम्ही ठेका धरा, मी विस्तार करतो’ यात वाढतो. आपल्याला हे दुसऱ्या भाषेसारखं शिकावं लागतं.

पुढची यादी लांबलचक आहे, भराभर सांगतो. १९९९ मध्ये अमेरिकन ब्लूज गायक ताजमहालबरोबर (हो, त्याने स्वतःला हेच नाव घेतलंय) ‘कुलांजान’. नंतर जॅझ ट्रॉम्बोनवाले रॉझवेल रड, आइसलंडची गायिका ब्यॉर्क, बँजोवाले बेला फ्लेक, आणि अगदी शेवटी, २०२३ मध्ये, इराणचे कमानचेवादक कैहान कल्होर. याशिवाय बमाकोत स्वतःचा ‘सिमेट्रिक ऑर्केस्ट्रा’. १९९९ मध्येच आणखी एक मुद्रिका निघाली, आणि मला ती ताजमहालपेक्षा महत्त्वाची वाटते. १९७० च्या त्या जुन्या मुद्रिकेत सिदिकींबरोबर जेलिमादी सिसोको होते. त्यांचा मुलगा बालाके हा तुमानींचा शेजारी. दोन्ही मुलांनी मिळून वडिलांना उत्तर दिलं: दोन कोरे, दुसरं काही नाही. बमाकोतल्या संगमरवरी दालनात, २२ सप्टेंबर १९९७ ला, मालीच्या स्वातंत्र्यदिनी, तिचं ध्वनिमुद्रण झालं होतं. जगभर फिरणारा माणूस मधेच घरी येऊन शेजाऱ्याबरोबर वाजवतो. ‘परंपरेचाच कसा राहिला’ याचं उत्तर मी तरी इथे शोधतो.

आता २००५. अली फारका तूरे उत्तर मालीतले, नायजर नदीकाठच्या नियाफुंकेचे, गिटारवाले आणि शेतकरी. जेली घराण्यातले नव्हेत. भाषा वेगळी, बाज वेगळा. म्हणजे एकाच देशातले असले तरी ही भेटही दोन संस्कृतींचीच होती, हे आपण विसरतो. बमाकोत नदीकाठच्या एका हॉटेलात मुद्रणाची सोय लावली होती. तालीम नाही, दोन-दोन तासांच्या तीन बैठका. त्यातून निघालेल्या ‘इन द हार्ट ऑफ द मून’ला २००६ चं ग्रॅमी मिळालं. यात ‘कायरा’ पुन्हा आहे. १९८८ चं एकट्याचं, १९९९ चं बालाकेबरोबरचं ‘किता कायरा’ आणि २००५ चं हे, अशी तीन एका रात्रीत ऐका. तिसऱ्यात अली गिटारवर पाया धरतात, ढळत नाहीत, आणि तुमानी पहिल्यांदाच पाय मोकळे करून बसल्यासारखे वाजवतात. जन्मभर दुसऱ्याला साथ केलेल्या माणसाला कुणीतरी साथ देतंय, हे ऐकू येतं. अली मार्च २००६ मध्ये गेले. दोघांची दुसरी मुद्रिका त्यांच्या पश्चात, २०१० मध्ये निघाली, तिलाही ग्रॅमी मिळालं.

एक गंमत: अलींबरोबरच्या त्या पहिल्या मुद्रिकेतल्या काही गाण्यांत अमेरिकन गिटारवादक राय कूडर आहेत. १९९३ मध्ये विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेबरोबर बिनतालमीची मुद्रिका करणारे तेच राय कूडर. ती तुम्ही ऐकलीच असेल.

माझी एक तक्रारही नोंदवतो. लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबरचा २००८ मधला कार्यक्रम २०२१ मध्ये ‘कोरोलेन’ नावाने निघाला, त्याचं कौतुक खूप झालं. मला तो फिका वाटतो. दोष वाजवणाऱ्यांचा नाही. समोर लिहिलेले कागद असले की ऑर्केस्ट्रा वळून ऐकू शकत नाही. तुमानी जागा मोकळी ठेवतात आणि ती मोकळीच राहते, किंवा आधीच ठरवलेल्या व्हायोलिनांनी भरलेली असते. साथ दोन्हीकडून हलली पाहिजे.

याच्या उलट एक उदाहरण, आणि ते तुमानींच्या गैरहजेरीचं आहे. २०१२ मध्ये वेल्सच्या हार्पवादक कॅट्रिन फिंच यांच्याबरोबर त्यांचा दौरा ठरला होता. मार्चमध्ये मालीत लष्कराने सत्ता घेतली, तुमानी वेळेत निघू शकले नाहीत. तालमीसाठी म्हणून इंग्लंडात राहणाऱ्या सेकू केइता यांना बोलावलं. सेकू सेनेगलच्या झिगिंशोरचे. तालमीतच दोघांचं असं जुळलं की २०१३ मध्ये त्या जोडीची पहिली मुद्रिका आली, नंतर आणखी दोन. वेल्सचा हार्प आणि कोरा, दोघांच्याही तारा उघड्या, पडदे नाहीत, मींड (तार ओढून एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरणं) नाही. ऐकताना कुठली तार कुणाची हे कळेनासं होतं. सतार-कोऱ्याला हे सुख मिळणार नाही. आपला आवाज लांब, ओढलेला, आणि त्यांचा टपटप पडणारा. पण यातच आपली सोय आहे, हे मला उशिरा कळलं.

माझा पहिला कार्यक्रम कसा पडला ते सांगतो. जोडीला गॅम्बियाचा एक वादक होता, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. मी काळी एकला (पेटीच्या पट्ट्यांच्या हिशेबाने) सतार लावून गेलो, तो पांढरी चारवर. पाऊण तास जुळवाजुळवीत गेला. त्याच्या कोऱ्याला खुंट्या नव्हत्या, जुन्या पद्धतीची कातड्याची कडी होती. कोरा दोन गुडघ्यांत धरायचा आणि एकेक कडी दोन्ही हातांनी पिळत दांड्यावर सरकवायची. एकवीस वेळा. तळहाताला घट्टे पडलेले असतात. हल्ली गिटारसारख्या चाव्या असलेले कोरे सर्रास मिळतात, तुमच्या मित्राकडे तोच असेल तर नशीब समजा. एवढं करूनही त्याचा गंधार माझ्या गंधाराच्या जागेवर नव्हता. मी तो ‘दुरुस्त’ करायला सांगितलं. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, “तू पडदा सरकवू शकतोस ना?” सरकवू शकत होतो. सुचलं नव्हतं.

मग कार्यक्रमात मी वीस मिनिटं आलाप केला. तो कोरा मांडीवर घेऊन बसून राहिला. शेवटी त्याने कुंबेंगो धरला, तर मी त्यावर ‘झाला’ (चिकारीच्या तारा भराभर छेडत वाजवायचा द्रुत भाग) सोडला. दोघंही एकाच वेळी टपटप टपटप. पत्र्यावर पाऊस पडल्यासारखं. माझ्या बायकोने घरी येताना गाडीत एवढंच विचारलं, “तुम्ही दोघं भांडत होतात का?”

आता तुमच्या कामाचं.

कोरा एका वेळी एकाच सात स्वरांच्या मेळात लावलेला असतो. अधलामधला स्वर हवा तर तार फिरवावी लागते, म्हणजे चालू मैफलीत जवळजवळ अशक्य. त्यामुळे राग तुम्ही निवडायचा नाही. मित्राला विचारा, कोरा ‘सौता’त लावणार की ‘सिलाबा’त. सौतामध्ये मध्यम तीव्र असतो, म्हणजे ढोबळमानाने आपला कल्याण थाट. सिलाबा बिलावलच्या जवळ. ‘ढोबळमानाने’ हे लक्षात ठेवा. त्यांचे स्वर पियानोवर मोजलेले नसतात, घराणं आणि गाव बदललं की जागा किंचित हलते. ट्यूनर पिशवीतच राहू द्या. कोऱ्याची तार ऐकून पडदे सरकवा.

षड्जाचं मला सुचलेलं असं आहे. कोरा बहुधा पांढरी चारवर असतो, पण त्याला आधी विचारा. सतार काळी एकवरून पांढरी एकवर उतरवा. तुमची बाजाची (मुख्य) तार मंद्र मध्यमावर असते, ती आपोआप पांढरी चार होते. तोच कोऱ्याचा षड्ज. म्हणजे बाजाची तार मोकळी छेडली की तुम्ही त्याच्या घरात. जोडाची तार त्याचा पंचम होते, चिकारीही पंचमावर राहते, चालेल. पंचमाच्या तारा मात्र त्याचा रिषभ बोलतील, त्या षड्जावर उतरवून घ्या.

यात एक मोह आहे. सौतात लावलेल्या कोऱ्याचे सात स्वर पांढरी एकला षड्ज धरून मोजले तर बिलावल निघतो, आणि सिलाबाचे मोजले तर खमाज. बोटं सवयीने तिकडे पळतात, कारण सतारीवर तो षड्ज हाताखालचा. खमाज सुंदर वाजतोही. पण तेवढ्यात कोऱ्याचा अंगठा खाली पांढरी चारवर विसावतो आणि तुमचा न्यास अधांतरी लटकतो. हा खेळ म्हणून एकदा करा, शेवटच्या पाच मिनिटांत, मित्राला आधी सांगून. सुरुवात त्याच्या घरातच.

आलाप चार मिनिटांच्या वर नको. त्याने कुंबेंगो धरला की पहिली चार आवर्तनं काहीच वाजवू नका, नुसतं ऐका आणि तो कुठे श्वास घेतो ते शोधा. मग तिथे एकच लांब मींड ठेवा. कोऱ्याला मींड नाही, ती जागा देवाने आपल्यासाठीच राखलीय. त्याची तान सुरू झाली की तुम्ही पाया धरा, साधा, दोन-तीन स्वरांचा. सतारवाल्याला पाया धरणं कमीपणाचं वाटतं, पहिल्या तालमीत मलाही वाटलं होतं. अली फारका तूरे ते काम कसे करतात हे पुन्हा ऐका. झाला ठेवायचाच असेल तर तो थांबलेला असताना.

तुमानी १९ जुलै २०२४ ला बमाकोत गेले, अठ्ठावन्न वर्षांचे होते. त्यांचा मुलगा, आजोबांचंच नाव असलेला सिदिकी, कोरा वाजवतो आणि हिपहॉपही करतो. बापलेकाची २०१४ ची मुद्रिका मिळवा. त्यात इटलीच्या लॅम्पेदुसा बेटाजवळच्या समुद्रात बुडालेल्या स्थलांतरितांवर एक रचना आहे. शब्द नाहीत. ती तुमच्या मित्राबरोबर बसून ऐका, तालमीच्या आधी.

आणि सतार कार्यक्रमाच्या दिवशी उतरवू नका. अर्धा स्वर खाली आणलेल्या तरफा (पडद्यांखालच्या आपोआप घुमणाऱ्या तारा) दोन दिवस तरी वर-खाली होत राहतात. बुधवारी कार्यक्रम असेल तर रविवारीच लावून ठेवा आणि रोज सकाळी एकदा हात फिरवा.